चौकटीतला कागद आणि त्याची मुदत

साठी ओलांडलेल्या वाचकांना रेडिओचे लायसन्स आठवत असेल. वर्षातून एकदा पोस्टात जायचे, पैसे भरायचे, छोट्या पुस्तिकेत शिक्का मारून घ्यायचा आणि मग वर्षभर निर्धास्तपणे बातम्या आणि गाणी ऐकायची. सायकलला पालिकेचा पत्र्याचा बिल्ला लागे. तो नसला की शाळेच्या वाटेवर कुणीतरी हमखास अडवी. बिल्ला गेला, ऐंशीच्या दशकात रेडिओचे लायसन्सही गेले. आजच्या मुलांना हे सांगितले तर आजोबा थट्टा करताहेत असे त्यांना वाटते. घरातून परवाना असा हद्दपार झाला. मात्र तो फार लांब गेलेला नाही. घराखालच्या दुकानात शिरावे आणि गल्ल्यामागच्या भिंतीकडे बघावे. देवाच्या तसबिरीशेजारी तो चौकटीत बसलेला दिसतो.

छोट्या दुकानदारांचे हिशेब लिहिणे हा माझा व्यवसाय असल्यामुळे अशा पुष्कळ भिंती मी पाहिल्या आहेत, आणि त्यातल्या बहुतेक रामदासपेठेतल्या आहेत. एकेकाळची ही ऐसपैस बंगल्यांची वस्ती. आता लोकमत चौकातून आत वळले की सेंट्रल बाजार रोडपर्यंत दवाखाने, तपासणी केंद्रे आणि औषधांची दुकाने यांची रांग लागते. गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूरच नव्हे, तर छिंदवाडा, बालाघाटकडचे रुग्णही येथे येतात. एका रुग्णामागे दोन-तीन नातेवाईक असतात. त्यांना पोळी-भाजी लागते, चहा लागतो, झेरॉक्स लागते, रात्रीपुरती खोली लागते. मोठ्या दवाखान्यांच्या सावलीत जी छोटी बाजारपेठ उभी राहिली आहे ती या गरजांवर. तिच्यात शिकलेल्यांपेक्षा कष्ट करणारे जास्त आहेत, आणि त्यांना कायद्याची भीती जितकी वाटते तितकी त्याची माहिती नसते.

येथे दोघी जावा मिळून पोळी-भाजीचे एक केंद्र चालवतात. पहाटे साडेचारला कणीक, अकराला पहिला डबा, सणावाराला किलोवर लाडू-चिवडा. मदतीला दोन बाया. यांच्या भिंतीवर आणि ट्रंकेत मिळून किती कागद असावेत? दुकाने व आस्थापना कायद्याखालचा, ज्याला आमच्याकडे अजून ‘गुमास्ता’च म्हणतात, अन्न व औषध प्रशासनाकडचा नोंदणीचा, व्यवसाय कराचा, ‘उद्यम’चा, वजनकाट्याच्या तपासणीचा, जागेच्या भाडेकराराचा, शिवाय इमारतीच्या अग्निसुरक्षेचा प्रश्न आहेच. एकदा थोरल्या जाऊबाई सगळी पिशवी माझ्या टेबलावर उपडी करून म्हणाल्या, “भाऊ, यातला कोणता कागद कधी मरतो, तेवढं एका पानावर लिहून द्या न जी.”

परवाना मिळवणे आणि परवाना जिवंत ठेवणे या दोन निराळ्या विद्या आहेत, हे इतक्या नेमक्या शब्दांत मी कुठल्या परिसंवादात ऐकलेले नाही. दुकान सुरू करताना माणूस उत्साहात असतो, चार खेटे घालतो, नारळ फोडतो. खरी परीक्षा त्यानंतर तिसऱ्या-पाचव्या वर्षी येते, कारण प्रत्येक कागदाचे घड्याळ वेगळे. व्यवसाय कराची तारीख ३० जून. इलेक्ट्रॉनिक काट्याची फेरतपासणी बारा महिन्यांनी, पण लोखंडी वजनांची चोवीस महिन्यांनी. भाडेकरार अकरा महिन्यांचा. अन्न नोंदणी, जितक्या वर्षांचे पैसे भरलेले असत तितकी, ज्या तारखेला मिळाली त्या तारखेपर्यंत असे. जुन्या गुमास्त्याची मुदत ३१ डिसेंबरला संपे, तेव्हा निदान वर्ष संपताना आठवण तरी होई.

अन्न नोंदणीचे उदाहरण थोडे उलगडून सांगतो, कारण त्यात या व्यवस्थेचा स्वभाव दिसतो. २००६ सालच्या अन्नसुरक्षा व मानके कायद्याचे परवाना-नियम ऑगस्ट २०११ पासून लागू झाले. त्या नियमांत वार्षिक उलाढाल १२ लाखांपर्यंत असेल तर साधी नोंदणी पुरे, तिची फी वर्षाला १०० रुपये होती. यात तक्रारीला जागा नाही, शंभर रुपयांत हल्ली दोन माणसांचे जेवण होत नाही. पण त्याच नियमांत नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या ३० दिवस आधी करायचा होता आणि तो दिवस टळला की विलंब शुल्क रोज १०० रुपये. म्हणजे एका वर्षाची फी शंभर आणि एका दिवसाच्या उशिराची किंमतही शंभर! मुदत अजून संपलेली नाही, पोळ्या तशाच लाटल्या जात आहेत, स्वयंपाकघर काल होते तितकेच स्वच्छ आहे, आणि दंडाचा मीटर मात्र सुरू झालेला. हा नियम करणाऱ्यापुढे मोठा कारखाना असणार, ज्याच्याकडे कागद सांभाळायला स्वतंत्र माणूस असतो. जावांकडे तो माणूस म्हणजे धाकटीचा बारावीतला मुलगा.

आता सगळे ऑनलाइन झाले आहे, मग अडचण कसली, असे विचारले जाते. ऑनलाइनमुळे खेटे कमी झाले, हे मी आनंदाने मान्य करतो. पण एक नवी गाठ बसली आहे, तिच्याबद्दल फारसे कुणी बोलत नाही. बहुतेक छोटे दुकानदार पहिला अर्ज एजंटकडून भरून घेतात. एजंट आपल्या सोयीसाठी अर्जावर स्वतःचा मोबाइल क्रमांक आणि स्वतःचाच ई-मेल टाकतो. पुढे मुदत संपत आल्याची सूचना सरकार इमानेइतबारे पाठवते, ती एजंटला जाते. ओटीपी एजंटला जातो. पासवर्ड एजंटच्या वहीत असतो. एजंटने धंदा बदलला, गाव सोडले किंवा भांडण झाले, की दुकानदार स्वतःच्याच परवान्याला परका होतो. क्रमांक बदलून घ्यायला पुन्हा अर्ज, त्याला पुन्हा ओटीपी, आणि तो कुठे जातो ते सांगायला नकोच. माझ्याकडे येणाऱ्या दर चार प्रकरणांत एखादे तरी या गाठीचे असते. पूर्वी कारकुनाच्या टेबलावर फाइल अडे, आता ती दुसऱ्याच्या खिशातल्या फोनमध्ये अडते.

मुदत टळली तर काय बिघडते? रोजच्या व्यवहारात बहुधा काहीच नाही, आणि यातच खरी फसगत आहे. गिऱ्हाईक परवाना बघून पोळी घेत नाही. पण बँकेत कर्जाचा अर्ज टाकला, एखाद्या दवाखान्याने डब्यांचा करार करायचे म्हटले, दुर्दैवाने आग लागून विम्याचा दावा करायची वेळ आली, की पहिली मागणी चालू मुदतीच्या कागदाची. शिवाय कुणी तक्रार केली तर ‘विनापरवाना’ हा शब्द सगळ्यांना सारखाच लागतो. ज्याने कधी अर्जच केला नाही त्यालाही, आणि जिचा अर्ज आठ दिवस उशिरा गेला तिलाही.

अशा वेळी जाणते लोक सुस्कारा सोडून म्हणतात की परवानाराज १९९१ साली संपले ना? हा समज तपासून पाहण्यासारखा आहे. ‘परमिट-लायसन्स राज’ हा शब्द रूढ केला चक्रवर्ती राजगोपालाचारींनी. १९५९ साली स्वतंत्र पक्ष काढताना त्यांचा मुख्य रोख त्यावरच होता. २४ जुलै १९९१ रोजी नरसिंह राव सरकारने नवे औद्योगिक धोरण जाहीर केले, त्याच दिवशी डॉ. मनमोहन सिंग यांनी गाजलेला अर्थसंकल्प मांडला, आणि मोजके उद्योग सोडून औद्योगिक परवाना रद्द झाला. सिमेंटचा, स्कूटरचा कारखाना काढायला दिल्लीचे उंबरे झिजवणे संपले. हे मोठेच काम होते. पण रद्द झाला तो दिल्लीचा परवाना. दुकानदाराचा परवाना दिल्लीचा नव्हताच. तो राज्याच्या कामगार खात्याचा, अन्न व औषध प्रशासनाचा, वैधमापनाचा, महापालिकेचा. १९९१च्या वाऱ्याने वरच्या मजल्याच्या खिडक्या उघडल्या, तळमजल्याला त्याची झुळूक यायला आणखी पाव शतक लागले.

उशीर का लागला, याचे एक कारण पैशात आहे. व्यवसाय कराचाच इतिहास घ्या. महाराष्ट्राने तो १९७५च्या कायद्याने आणला तो रोजगार हमी योजनेला पैसा उभा करण्यासाठी. दुष्काळात खडी फोडणाऱ्या माणसाच्या मजुरीत शहरातल्या पगारदाराने आणि दुकानदाराने वाटा उचलावा, ही त्यामागची कल्पना उमदी होती. राज्यघटनेच्या २७६व्या कलमात अशा कराला वर्षाला २५० रुपयांची मर्यादा होती, ती १९८८ सालच्या साठाव्या घटनादुरुस्तीने २,५०० झाली. यात दुकानदाराने नाराज व्हावे असे मला वाटत नाही, पण आज किती दुकानदारांना या कागदाचे मूळ ठाऊक आहे? त्यांच्या लेखी तो आणखी एक कागद. आणि नागपूरकरांनी तर जकात ३१ मार्च २०१३पर्यंत भरली, १ एप्रिलपासून स्थानिक संस्था कर भरला, त्याची नोंदणी केली, त्याची विवरणपत्रे शिकली, आणि १ ऑगस्ट २०१५ पासून ५० कोटींखालच्या व्यापाऱ्यांसाठी तोही गेला. दोन वर्षे चार महिन्यांच्या या कराचे नोंदणी क्रमांक अजून काही पाट्यांवर रंगवलेले आहेत. पुसायला पेंटर लावावा लागतो, म्हणून राहिलेत.

तरीही झुळूक आली हे खरे. १९४८चा दुकाने व आस्थापना कायदा जाऊन १९ डिसेंबर २०१७ पासून नवा कायदा लागू झाला. दहापेक्षा कमी कामगार असतील तर नोंदणीची गरज नाही, साठ दिवसांच्या आत ऑनलाइन सूचना द्यायची आणि पोच घ्यायची. दरवर्षीचे नूतनीकरण संपले. २०२५ साली ही मर्यादा वीसवर नेण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने घेतला. त्याच २०१७च्या ऑक्टोबरात केंद्राने औषध विक्रीच्या नियमांत बदल केला. औषध दुकानाचा परवाना पूर्वी पाच वर्षांनी संपे. आता तो निलंबित किंवा रद्द होईपर्यंत चालू राहतो, फक्त दर पाच वर्षांनी तो राखण्याची फी भरायची. रामदासपेठेसारख्या दर दहा पावलांवर औषधाचे दुकान असलेल्या वस्तीत हा बदल किती मोलाचा आहे, हे त्या दुकानदारांना विचारावे.

गंमत अशी की कायदा सुधारला तरी भोवतालच्या सवयी सुधारत नाहीत. पोच दाखवली की बँकेतला नवा अधिकारी म्हणतो, “ही नुसती पावती आहे, लायसन्स आणा.” लायसन्स कायद्यातच राहिलेले नाही, हे त्याला समजावण्यात अर्धा दिवस जातो. पोचेवर मुदतीची तारीख नसते, याचाच त्याला संशय येतो! आपल्याकडे मुदत नसलेला कागद खरा वाटत नाही, इतकी मुदतीची सवय झाली आहे.

येथपर्यंत वाचून कुणी म्हणेल की मग सगळेच परवाने जाऊ द्या. मी त्या मताचा नाही, आणि त्याचे कारण आमच्या शेजारच्या जिल्ह्यात घडले आहे. ९ जानेवारी २०२१च्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयातल्या नवजात शिशू कक्षात आग लागून दहा बालके दगावली. रुग्णालय सरकारी होते, आणि इमारतीच्या अग्निसुरक्षेची पूर्तता अपुरी होती, हे नंतर बातम्यांतून पुढे आले. २५ मे २०२४ रोजी राजकोटच्या गेम झोनमध्ये २७ माणसे जळाली. तेथे अग्निशमन दलाचे ना-हरकत प्रमाणपत्र नव्हते. ६ डिसेंबर २०२५च्या रात्री गोव्यात हडफडे येथे नाइट क्लबला आग लागून २५ जण गेले. त्या क्लबच्या व्यवसाय परवान्याची मुदत आधीच संपलेली होती, तरी तो चालू होता, असे चौकशीत दिसून आले. हडफड्याचे प्रकरण मला सर्वांत अस्वस्थ करते. मुदत संपल्याची तारीख कागदावर होती, ती वाचणारे कार्यालय होते, आणि तरी कुणी दार ठोठावले नाही. तेथे मुदतीचा कागद हाच एक इशारा होता आणि तो वाया गेला.

म्हणजे एकीकडे आठ दिवसांच्या उशिरासाठी पोळी-भाजीवालीला आठशे रुपयांचा भुर्दंड, आणि दुसरीकडे मुदत संपलेला क्लब महिनोन्‌महिने गजबजलेला. दोन्हीचे मूळ मला एकच दिसते. आपल्याकडे नूतनीकरण म्हणजे पैसे भरणे. नूतनीकरणाच्या निमित्ताने कुणीतरी येऊन वस्तू, जागा, माणूस बघणे हा त्यातला मूळ अर्थ झिजून गेला आहे.

तो अर्थ अजून टिकून आहे तो वजनकाट्यात. वैधमापनाची पद्धत जुनी वाटेल, पण बघा तरी. काटा प्रत्यक्ष समोर ठेवला जातो, त्यावर प्रमाणित वजने ठेवून तो तपासतात, चूक असेल तर दुरुस्त करायला लावतात, मग सील आणि शिक्का. शिक्क्यावरून गिऱ्हाइकालाही काटा कधी तपासला ते कळते. येथे बारा महिन्यांची मुदत समजण्यासारखी आहे, कारण काटा खरोखरच बिघडतो. औषध दुकानाचेही तसेच. दुकानाचा परवाना कायम झाला तरी नोंदणीकृत फार्मासिस्ट हजर असण्याची अट कायम आहे, आणि ती असलीच पाहिजे. उद्या त्याने नोकरी सोडली तर दुकानाची स्थिती खरोखर बदलते. उलट दोन बाया कामाला असलेल्या दुकानाचे नाव-पत्ता दरवर्षी नव्याने कळवल्याने कुणाचे कोणते रक्षण होत होते? ते थांबले, कुणाचे काही बिघडले नाही.

माझे म्हणणे एवढेच की ज्या परवान्याच्या नूतनीकरणात तपासणी नाही, त्याला मुदत असू नये. आणि ज्याला मुदत आहे, त्याची तपासणी झाल्याशिवाय नुसते पैसे घेऊन तो पुढे ढकलू नये. यावर दोन आक्षेप येतात. पहिला, तपासायला माणसे कुठे आहेत? बरोबर आहे, निरीक्षकांची संख्या दुकानांच्या मानाने कधीच पुरी पडत नाही. पण म्हणूनच त्यांना कागदावर शिक्के मारण्यातून सोडवले पाहिजे. दुसरा आक्षेप उघडपणे कुणी घेत नाही, तो उत्पन्नाचा. जकात आणि स्थानिक कर गेल्यानंतर पालिकांचा हात आखडला, आणि मग महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमातल्या ३७६व्या कलमासारख्या, मुळात धोक्याच्या आणि उपद्रवी धंद्यांसाठी असलेल्या परवान्यांकडे उत्पन्नाचे साधन म्हणून बघण्याचा मोह होतो. कर हवा असेल तर तो कर म्हणून घ्यावा. सुरक्षिततेच्या नावाने वसूल केलेल्या फीमुळे सुरक्षितता या शब्दावरचाच विश्वास उडतो. मग खऱ्या तपासणीला आलेल्या माणसाकडेही दुकानदार वसुलीवाला म्हणूनच पाहतो.

कायदा बदलेल तेव्हा बदलेल, तोवर घरच्या घरी करण्यासारखे थोडे आहे. प्रत्येक नोंदणीवर आपला किंवा घरातल्या माणसाचा मोबाइल क्रमांक आहे ना, ते एकदा बघावे. नसेल तर एजंटशी संबंध चांगले असतानाच बदलून घ्यावा. अर्जाची पोच जपावी. २०१५च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियमाने अधिसूचित सेवांना कालमर्यादा घालून दिली आहे आणि ती टळली तर अपील करता येते, पण अपिलाला अर्ज क्रमांक लागतो. आणि दुकान ज्या इमारतीत आहे तिच्या अग्निसुरक्षेबद्दल विचारावे. २००६च्या राज्य कायद्याप्रमाणे, ज्या इमारतींना तो लागू आहे त्यांच्या यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, परवानाधारक संस्थेकडून घेऊन सादर करायचे असते. रामदासपेठेतल्या जुन्या बंगल्यांच्या जागी आलेल्या इमारतींत खाली दुकाने, मध्ये दवाखाना, वर राहणारी कुटुंबे, आणि जिन्यात औषधांची खोकी, हे चित्र नवे नाही.

जाऊबाईंना मी एक पान लिहून दिले आहे. ते आता गॅसपासून दूर, कॅलेंडरच्या मागच्या बाजूला चिकटवलेले आहे. व्यवसाय कर, काटा, अन्न नोंदणी, भाडेकरार, चारही तारखा त्यांना तोंडपाठ झाल्या आहेत. पाचवी ओळ इमारतीच्या अग्निसुरक्षेची. तिच्यापुढे मी नुसता ‘जुलै’ लिहिला आहे, कारण ते काम कायद्याने प्रथम इमारतीच्या मालकाचे, आणि मालक म्हणतात की खर्च भाडेकरूंनी वाटून घ्यावा. वरच्या मजल्यावरच्या दवाखान्याचे उत्तर अजून आलेले नाही.